जेंटू : बायनरी पॅकेजे घेताना डिपेंडन्सीचा (एका पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांचा) हिशोब कसा लागतो? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या चार कोअर आणि ८ जीबी रॅम असलेल्या जुन्या लॅपटॉपवर जेंटू लिनक्स (सॉफ्टवेअर मुख्यतः स्रोतापासून बांधून घेणारी प्रणाली) असून डेस्कटॉप प्रोफाइल निवडलेले आहे. लहानसहान पॅकेजे स्रोतापासून कम्पाइल करण्यास हरकत नाही; परंतु लिबरऑफिस, एलएलव्हीएम (कम्पायलरचा संच) आणि क्यूटी वेबइंजिन (वेबपाने दाखवणारे इंजिन) यांचे कम्पाइलेशन या यंत्राला झेपत नाही. जेंटूने डिसेंबर २०२३ च्या अखेरीस अधिकृत बिनहोस्ट (तयार बांधलेल्या, म्हणजे बायनरी पॅकेजांचा सर्व्हर) खुला केला असल्याने तेवढी जड पॅकेजे तिथून तयार घ्यावीत आणि उरलेली घरीच बांधावीत, असा माझा विचार आहे. त्यासाठी बिनरेपोज-कॉन्फ या फाइलमध्ये बिनहोस्टचा पत्ता दिला, गेटूटो ही आज्ञा चालवून पॅकेजांच्या सह्या पडताळण्याच्या चाव्या उतरवून घेतल्या आणि मेक-कॉन्फ या मुख्य मांडणीच्या फाइलीत फीचर्समध्ये गेटबिनपीकेजी (बायनरी मागवण्याचा पर्याय) जोडले. एलएलव्हीएम व्यवस्थित आले. पुढील दोन बाबी मात्र उलगडत नाहीत.

पहिली बाब अशी की, लिबरऑफिसची तीच आवृत्ती बिनहोस्टवर उपलब्ध असूनही इमर्ज (पोर्टेज या पॅकेज-व्यवस्थापकाची आज्ञा) तिच्यासमोर ‘बायनरी’ न दाखवता ‘ईबिल्ड’ (स्रोतापासून बांधण्याची कृती) दाखवते आणि यादीच्या शेवटी यूज फ्लॅग (पॅकेजातील ऐच्छिक सुविधा चालू-बंद करणारे पर्याय) जुळत नसल्याने बायनरी बाजूला ठेवल्याची सूचना देते. मेक-कॉन्फमध्ये मी क्यूप्स आणि ब्लूटूथ हे फ्लॅग सर्वत्र बंद ठेवले आहेत, कारण मुद्रक आणि ब्लूटूथ यांपैकी काहीच मी वापरत नाही. ही तपासणी बंद करून बायनरी तशीच घेतली, तर काय बिघडेल?

दुसरी बाब बांधणीच्या साधनांची. बायनरींचा वापर सुरू केल्यापासून ‘वर्ल्ड’चे (मी स्वतः निवडलेल्या पॅकेजांच्या यादीचे) पूर्ण अपडेट करतानाही सीमेक आणि मेसन या साधनांच्या नव्या आवृत्त्या यादीत येत नाहीत, आणि डीपक्लीनला (अनावश्यक पॅकेजे काढणाऱ्या आज्ञेला) विथ-बीडेप्सचे (बांधणीची साधने हिशोबात धरण्याच्या पर्यायाचे) मूल्य ‘एन’ (नाही) दिले की तीच साधने काढून टाकण्याच्या यादीत दिसतात. ती खरोखर अनावश्यक झाली आहेत, की पोर्टेजला त्यांचा विसर पडला आहे?

प्रतिसाद १

आधी फ्लॅगविषयी. फ्लॅग जुळण्याची तपासणी बिनपीकेजी-रिस्पेक्ट-यूज हा पर्याय करतो आणि यूजपीकेजी-ओन्ली (फक्त बायनरीच घेण्याचा पर्याय) वापरले नसेल तर तो आपोआप चालू असतो. तो बंद केला तरी तुमचे प्रश्न सुटणार नाहीत, कारण फ्लॅग म्हणजे केवळ पसंती नव्हे; त्यांच्यावर डिपेंडन्सीची यादी ठरते. लिबरऑफिसची बायनरी क्यूप्स आणि ब्लूटूथ चालू ठेवून बांधलेली असेल, तर तिच्या आरडिपेंडमध्ये (चालवण्यासाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) क्यूप्स आणि ब्लूझेड (ब्लूटूथसाठीचे) ही पॅकेजे नोंदलेली असणार. बायनरी बसवताना पोर्टेज ही बांधणीच्या वेळी गोठवलेली यादी मानते, त्यामुळे तपासणी बंद केली तरी ती दोन्ही पॅकेजे यायचीच. शिवाय तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक आणि प्रत्यक्ष यंत्रावर दुसरेच, अशी स्थिती होईल आणि न्यूयूज (फ्लॅग बदललेली पॅकेजे पुन्हा बांधण्याचा पर्याय) लावून केलेले पुढचे प्रत्येक अपडेट लिबरऑफिस पुन्हा बांधायला मागेल.

पॅकेज-डॉट-यूज या पॅकेजनिहाय फ्लॅगच्या फाइलमध्ये फक्त लिबरऑफिससाठी हे दोन फ्लॅग चालू करावेत, हे उत्तम. क्यूप्स आणि ब्लूझेड डिस्कवर येतील, पण त्यांच्या सेवा सुरू करण्याची सक्ती कोणीच करत नाही.

प्रतिसाद २

दुसऱ्या बाबीचे उत्तर पोर्टेजच्या मूलभूत विभागणीत आहे. ईबिल्डमध्ये डिपेंडन्सी वेगवेगळ्या खात्यांत लिहिल्या जातात : चालवण्यासाठी लागणारे ते आरडिपेंड, ज्यांच्या हेडर फाइली आणि लायब्ररी बांधणीत लागतात ते डिपेंड, आणि बांधणाऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष चालवावी लागणारी साधने ती बीडिपेंड. हे तिसरे खाते ईएपीआय (ईबिल्ड लिहिण्याच्या नियमांची आवृत्ती) ७ मध्ये आले. बायनरी पॅकेज बसवताना फक्त चालवण्याच्या डिपेंडन्सी पुरतात. सीमेक तिथे काही कामाचे नाही. म्हणून एरवी अपडेटच्या वेळी आपोआप लागू होणारे विथ-बीडेप्स, यूजपीकेजी (मिळेल तिथे बायनरी वापरण्याचा पर्याय) किंवा गेटबिनपीकेजी वापरले की लागू होत नाही. तेव्हा पोर्टेजला विसर पडलेला नाही. बांधणीची साधने हिशोबात धरायची नाहीत, असे त्याने जाणूनबुजून ठरवले आहे.

तुमच्यासारख्या मिश्र व्यवस्थेत मात्र याचा एक दुष्परिणाम होतो. जी साधने वर्ल्डच्या यादीत नाहीत आणि कोणाच्या आरडिपेंडमध्येही नाहीत, ती जुन्या आवृत्तीवर तशीच पडून राहतात. पुढे एखादे पॅकेज स्रोतापासून बांधताना त्यांची नवी आवृत्ती लागते, आणि तोवर त्यांच्या स्वतःच्या डिपेंडन्सी पुढे गेल्या असतील तर स्लॉटच्या (एकाच पॅकेजच्या न जुळणाऱ्या आवृत्त्या एका जागी मागितल्याच्या) संघर्षाचे लांबलचक संदेश पडद्यावर येतात, ज्यातून नेमके कारण शोधणे जिकिरीचे असते. यावर इमर्ज-डीफॉल्ट-ऑप्ट्समध्ये (इमर्जला दर वेळी लागू होणाऱ्या पर्यायांत) विथ-बीडेप्सला ‘वाय’ (होय) देऊन ठेवावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. ‘वाय’ दिले की बायनरी म्हणून येणाऱ्या पॅकेजांच्या बांधणीची साधनेही ओढली जातात. एलएलव्हीएम आणि क्यूटी वेबइंजिन तयार घेऊन त्यांच्या बांधणीचा सगळा सरंजाम पुन्हा गोळा करायचा असेल, तर बायनरी घेण्याचा उद्देश अर्धा निष्फळ होतो. त्यापेक्षा अधूनमधून डीपक्लीनला ‘एन’ देऊन साधने काढून टाकावीत. स्रोतापासून काही बांधायची वेळ आली की पोर्टेज ती स्वतःच पुन्हा आणते, आणि सीमेकसारखी साधने बिनहोस्टवरूनच येत असल्याने फारसा वेळ जात नाही.

प्रतिसाद २

घरी बांधली जाणारी पॅकेजे मोजकीच असतील तर तुमचे म्हणणे मान्य. ती बरीच असतील, तर दर अपडेटला आणा आणि काढा हे मला तरी कंटाळवाणे वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. साधने काढून टाकण्याचा मार्ग मला सोयीचा दिसतो. लिबरऑफिसचे फ्लॅग सुचवल्याप्रमाणे बदलले आणि फ्लॅगविषयीची सूचना नाहीशी झाली. तरीही ते ‘ईबिल्ड’ म्हणूनच दिसते. आयसीयू ही युनिकोड मजकूर हाताळणारी लायब्ररी मी पूर्वीच टेस्टिंग (स्टेबल म्हणजे पक्क्या न ठरलेल्या आवृत्त्यांच्या) शाखेतून घेतलेली आहे. त्याचा याच्याशी संबंध असू शकेल काय?

प्रतिसाद २

नक्कीच, आणि बहुधा कारण तेच आहे. लिबरऑफिसच्या ईबिल्डमध्ये आयसीयूपुढे स्लॉटचे विसर्ग-बरोबर (:=) चिन्ह असते. पॅकेज बांधले गेले की त्या चिन्हाच्या जागी त्या वेळच्या आयसीयूचा सबस्लॉट (लायब्ररीची सुसंगतता दाखवणारा क्रमांक) कायमचा नोंदला जातो. समजा, बिनहोस्टवरची बायनरी ७४.२ च्या सबस्लॉटशी बांधलेली आहे आणि तुमच्याकडे ७६.१ आहे, तर ती डिपेंडन्सी पूर्ण होऊच शकत नाही. ही अडवणूक योग्यच आहे, कारण आयसीयूच्या मुख्य आवृत्तीबरोबर लायब्ररीच्या फाइलचे सो-नेमही (प्रोग्राम जे शोधतो ते नाव) बदलते आणि जुने नाव शोधणारा प्रोग्राम सुरूच होणार नाही. बिनहोस्टवरील पॅकेजे मुख्यतः स्टेबल शाखेतून बांधलेली असतात, त्यामुळे अशा मध्यवर्ती लायब्ररी टेस्टिंगमधून घेतल्या की एक नव्हे, अनेक बायनरी एकदम निरुपयोगी ठरतात.

पॅकेज-डॉट-अक्सेप्ट-कीवर्ड्समधून (टेस्टिंगची परवानगी देणाऱ्या फाइलीतून) आयसीयूची ओळ काढा आणि वर्ल्डचे अपडेट आधी प्रिटेंड (काही न बदलता फक्त यादी दाखवण्याचा पर्याय) लावून पाहा. आयसीयू खालच्या आवृत्तीवर जाईल आणि तिच्यावर विसंबलेली, तुम्ही घरी बांधलेली पॅकेजे पुन्हा बांधण्यासाठी यादीत येतील. त्यांतली जी बिनहोस्टवर आहेत ती तयार येतील, बाकीचीच कम्पाइल होतील. जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी मात्र खालच्या आवृत्तीवर उतरवू नये. तसा प्रयत्न तिचा ईबिल्डच अडवतो.