डी-कॅश बंद करा म्हणे!

खाडीपलीकडचा:
काल इथे एकाने ठोकून दिलं: 'एसटीएम३२एच७ मायक्रोकंट्रोलरवर बाहेरच्या क्यूएसपीआय फ्लॅशमधून (बाहेरून जोडलेली, वीज गेली तरी डेटा राखणारी मेमरी चिप) जुनाच डेटा येतोय? डी-कॅश (प्रोसेसरने जवळ ठेवलेली डेटाची जलद प्रत) बंद करा, विषय संपला. कोकणातल्या कामांना एवढा वेग हवाय कुणाला!' कोकणाचा इथे काय संबंध? आणि विषय संपत नाही, झाकला जातो. मेमरी-मॅप्ड मोडमधून (फ्लॅश साध्या मेमरीसारखी पत्त्याने वाचायची सोय) बाहेर पडलात, इरेज केलं, लिहिलं, परत मॅप्डमध्ये आलात. कॅशला कुणी कळवलं? मग रेकॉर्डचे पहिले ३२ बाइट जुने, पुढचे नवे, सीआरसी (डेटा बिघडला का ते पाहणारा तपासणीचा आकडा) बोंबलतोय, आणि लोक चिप बदलत बसलेत. लिहून झालं की कॅशमधला तेवढा भाग इनव्हॅलिडेट करा, म्हणजे जुनी प्रत रद्द करा. एका ओळीचं काम.

देवगडकर:
तो 'एक' मीच. नाव घ्यायला लाजता कशाला? कोळंबीच्या तळ्यावर ऑक्सिजनचं रीडिंग, मिनिटाला एक. ४८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर नुसता माशा मारतोय. आय-कॅश (प्रोग्रामच्या सूचनांची कॅश) चालूच आहे, काही अडत नाही. आणि तुमच्या त्या 'एका ओळी'ने डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारी यंत्रणा) बफरशेजारचं व्हेरिएबल उडालेलं मी पाहिलंय. ते शोधण्यात आमचा गणपती गेला.

खाडीपलीकडचा:
ते रॅममधलं हो! तिथे लाइन (कॅशचा ३२ बाइटचा तुकडा) डर्टी असते. ३२ बाइटला अलाइन न करता इनव्हॅलिडेट केलंत, तर शेजाऱ्याचं रॅमपर्यंत न पोचलेलं लिखाण जाणारच. फ्लॅशच्या मॅप्ड भागात फक्त वाचन चालतं, तिथे डर्टी लाइन येणार कुठून? दोन वेगळ्या गोष्टींची भेळ करून वर सल्ले देता.

हर्णैवाला:
दोघेही हट्टी. एमपीयूमध्ये (मेमरीच्या कुठल्या भागाला कुठले नियम ते ठरवणारं युनिट) लॉगचा भाग तेवढा नॉन-कॅशेबल करा, बाकी सगळं कॅशमधून पळू दे. रीजनचा आकार दोनच्या घातात आणि सुरुवातीचा पत्ता त्या आकाराच्या पटीत, एवढं पाळा. आणि इनव्हॅलिडेटवाल्यांनो, ते लिहिण्याआधी उरकून निवांत बसू नका. एच७ मधला एम७ प्रोसेसर न विचारता पुढचं वाचून ठेवतो.

मालवणी मिरची:
मेल्यांनो, कॅश ऱ्हवांदे बाजूक. पावसात लाइट कधी जायत त्येचो नेम नाय. माझो नोंदी ठेवणारो लॉगर आतल्याच फ्लॅशवर लिहिता. लिहिताना लाइट गेली, परत इली, बोर्ड काय उठना. रीसेट, हार्डफॉल्ट (प्रोसेसर चुकीर अडकता), परत रीसेट.

देवगडकर:
लाइटचं नाव काढलंत! आमच्याकडे आधी लाइट जाते, मग वारा सुटतो. गेल्या पावसात दाभोळहून फेरीबोट धरून धोपाव्याला उतरलो, तिथून चिखल तुडवत तळ्यावर. एरेटर (तळ्यात हवा सोडणारं यंत्र) बंद, लॉगर मेलेला, मालक डाफरतोय. त्याला काय कॅश कोहेरन्सी (कॅश आणि मेमरीचा मेळ) समजावू?

चिपळूणकर पुण्यात:
सगळं खापर लाइटवर! बोर्डावर ओलावा अडवणारं कोटिंग मारलं होतं का? खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात, मग कधी फर्मवेअरला शिव्या, कधी लाइटला.

देवगडकर:
एसीत बसून बोलायला काय जातंय.

चिपळूणकर पुण्यात:
२०२१ च्या जुलैत आमच्या घरात वाशिष्ठीचं पाणी होतं. एसी मला सांगू नका. कोटिंग होतं की नव्हतं, तेवढं बोला.

देवगडकर:
होतं. कनेक्टरवर नव्हतं. झालं समाधान?

हर्णैवाला:
मिरची, तुमचं दुखणं ना कॅशचं, ना खाऱ्या हवेचं. एच७ च्या आतल्या फ्लॅशमध्ये २५६ बिटांचा शब्द एकदम लिहिला जातो आणि प्रत्येक शब्दाला ईसीसी (चूक ओळखणारे जादा बिट) असतो. लाइट जाऊन शब्द अर्धवट राहिला, की वाचताना दोन बिटांची चूक धरली जाते आणि सरळ बस फॉल्ट, तो कुणी पकडला नाही की तुमचा हार्डफॉल्ट. तुम्ही चालू होताच लॉग वाचत असणार, म्हणून बोर्ड उठत नाही. फॉल्ट पकडा, सेक्टर (फ्लॅशचा एकदम पुसला जाणारा भाग) पुसा. पीव्हीडी (व्होल्टेजवर नजर ठेवणारा भाग) इंटरप्टही लावा, व्होल्टेज घसरायला लागलं की नवं लिखाण सुरूच करू नका.

मालवणी मिरची:
एक सेक्टर १२८ केबीचो. सगळ्यो नोंदी पुसू? मालक माकाच पुसून टाकीत.

हर्णैवाला:
दोन सेक्टर आलटून पालटून वापरा. चांगले शब्द दुसऱ्यात उतरवा, मग पहिला पुसा.

देवगडकर:
एमपीयूचं करून बघतो. हर्णैवाल्यांनी सांगितलं म्हणून. खाडीपलीकडच्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये.