मदत हवी आहे: पहिलं सेमिस्टर संपलं, एम-१ (गणिताचा पेपर) राहिला

नमस्कार मंडळी. मी कणकवलीची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. बारावीत गणितात ८९ होते, आणि आता एम-१ मध्येच केटी, म्हणजे नापास, पेपर पुन्हा द्यायचा. बाकी विषय निघाले.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिला महिनाभर सर काय बोलतायत ते वहीत उतरवण्यातच तास संपायचा, समजून घेणं राहूनच जायचं. शंका विचारायला हात वर करायची लाज वाटायची. त्यात चतुर्थीला युनिट टेस्ट! आयुष्यात पहिल्यांदा गणपतीला घरी नव्हते. मेसमध्ये त्या दिवशी मोदक होते, पण तळणीचे. खाल्ले नाहीत. (मेसच्या आमटीबद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल.)

आता खरे प्रश्न. दुसऱ्या सेमिस्टरला एम-२ आहेच, मग एम-१ चा अभ्यास सोबत कसा बसवायचा? रोज थोडा, की सुट्टीत एकदम? मला पार्शल डेरिव्हेटिव्ह जमतं, मॅट्रायसेसमध्ये आयगेन व्हॅल्यू आल्या की गाडी अडते. मराठीतून शिकवणारं कुणी माहीत आहे का? दुसरं, महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्त्याचा अर्ज भरलाय. केटी असताना पुढच्या वर्षी नूतनीकरणाला अडचण येते का? ज्यांनी स्वतः भरलाय त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

आणि बाबांना अजून सांगितलेलं नाही. आईला माहीत आहे. शनिवारी फोंडा घाटातून येणाऱ्या एसटीने घरी जातेय. तुम्ही घरी कसं सांगितलंत?