मदत हवी आहे: एकच माणूस सगळं उलटवतोय, तक्रार कुठे करू?

चरईकर
लवकर सांगा कुणीतरी, डोकं फिरलंय. उन्हाळ्यात पाच जणांनी बसून पान लिहिलं. हा बाबा रोज येऊन उलटवतो, म्हणजे आमचे बदल काढून आधीचं परत टाकतो. तक्रार कुठे करायची?

ऐरोलीचा_आप्पा
१९३० ला फोन लावा. सायबरवाले बरोबर धरतात.

वाशीकर
आप्पा, तो नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. चरईकर, कुठलं पान? कुठे?

चरईकर
मराठी विकिपीडिया, आणखी कुठे! ठाण्याच्या रेल्वेबद्दलचा मजकूर.

खाडीपलीकडे
निनावी असेल तर पान अर्धसुरक्षित करून घ्या, म्हणजे निनावींना बदलता येणार नाही. विषय संपला.

चरईकर
खातं आहे, तेही जुनं. शिवीगाळ करत नाही हीच तर पंचाईत. आधी म्हणाला, ठाण्याला पहिली गाडी आली ती तारीख, १६ एप्रिल १८५३, तिला संदर्भ द्या. दिला. मग म्हणे संदर्भ इंग्रजी आहे. मराठी दिला. आता म्हणतो, 'बोरीबंदर' की 'बोरी बंदर' ते ठरेपर्यंत परिच्छेद काढून ठेवतो. त्या एका रिकाम्या जागेवर चर्चापानावर ४० ओळी झाल्यात. वर स्मायली.

रूळवेडा
'देशातली पहिली गाडी' लिहिलं असेल तर तो बरोबर आहे. पहिली प्रवासी गाडी म्हणा. रुरकीला सोलानीच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्येच इंजिन धावलं होतं.

चरईकर
'प्रवासी' शब्द पहिल्या दिवसापासून आहे!!

रूळवेडा
मग स्क्रीनशॉट टाका.

वाशीकर
घ्या, इथेही सुरू झालं.

घंटाळी_६२
मी बरीच वर्षं तिथले बदल तपासतो. रूळवेड्यांची शंका खरी आहे, शब्द दाखवला की मिटते. या माणसाची मिटणार नाही, कारण त्याला उत्तर नकोय, तुमची संध्याकाळ हवीय. पानाचा इतिहास उघडा, त्याने केलेल्या पाच-सहा बदलांचे (फरकांचे) दुवे तारखेसकट काढा आणि प्रचालकांकडे, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्यांकडे, द्या. 'छळतो' वगैरे लिहू नका, त्याने काय केलं तेवढंच लिहा. चर्चापानावर आता एकही ओळ नाही. आणि उलटवाउलटवी बंद. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बरोबर असलेला माणूसही अडकतो. तुम्ही किती वेळा उलटवलंत?

चरईकर
परवा सहा.

घंटाळी_६२
अहो! हेच हवं असतं त्याला. बाकीचे चौघं काय म्हणतात?

चरईकर
कुठले चौघं. तिघं कंटाळून गेले. चौथ्या कोपरीच्या काकू, वाचनालयातून जुनी कात्रणं उतरवून आणायच्या आणि एका बोटाने टाइप करायच्या. सदस्यपानावर 'निवृत्त शिक्षिका' लिहिलं होतं त्यांनी. याने खाली टाकलं, 'बाई, तुमची वही तपासून देऊ का?' त्या दिवसापासून त्यांनी लॉगिन केलेलं नाही. यात प्रचालकांना दाखवायला शिवी कुठली काढू?

ऐरोलीचा_आप्पा
काकूंना बोलून टाइप करायला शिकवा. फोनमध्ये सोय असते, माईकचं चिन्ह दाबायचं.

चरईकर
आप्पा, काकूंना टाइप करता येतं हो.