टिक्टालिक ध्रुवावरचा? कुठल्या ध्रुवावरचा?

दगडफोड्या:
काल ‘हिमकण’ यांनी लिहिलं की कॅनडाच्या बर्फात सापडलेला टिक्टालिक (मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीवाश्म) हा ध्रुवीय समुद्रातला मासा आणि थंडीला कंटाळून तो जमिनीवर आला. खाली टाळ्यांचा पाऊस. मला रात्रभर झोप नाही, म्हणून हे लिहितोय.

शुबिन, डेशलर आणि जेंकिन्स या शास्त्रज्ञांच्या तुकडीला तो २००४ साली एल्समिअर बेटावर सापडला, इथवर मान्य. पण तो जगला ३७.५ कोटी वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ती जमीन विषुववृत्तापाशी होती. बेट नंतर सरकत सरकत वर गेलं. गावचा माणूस दुबईत वारला म्हणून त्याला अरब म्हणायचं का?

बरं, समुद्र तरी कुठला? तो राहायचा उथळ ओढ्यांत. ‘टिक्टालिक’ हे नावही इनुइट वडीलधाऱ्यांनी सुचवलेलं, अर्थ गोड्या पाण्यातला मोठा मासा. नावातच उत्तर आहे हो!

खरा ध्रुवीय मासा पाहायचा तर दक्षिण आफ्रिकेत जा. मखांडा (जुनं ग्रॅहम्सटाउन) शहराबाहेर वॉटरलू फार्मला हायवेसाठी टेकडी कापली तेव्हा काळा शेल (पापुद्र्यांचा खडक) उघडा पडला. ३६ कोटी वर्षांपूर्वी ही जागा अंटार्क्टिक वृत्ताच्या आत होती, समुद्राला लागून असलेली खाडी. जीवाश्मशास्त्रज्ञ रॉबर्ट गेस यांनी रस्त्याच्या कामातून कित्येक टन दगड वाचवला आणि वर्षानुवर्षं पापुद्रे सोलत बसले. त्यातून लॅम्प्री (जबडा नसलेला मासा) निघाला, सीलाकँथ या मांसल परांच्या माशाची पिल्लं निघाली, २०२३ मध्ये पावणेतीन मीटरचा शिकारी मासा हायनेरियाही जाहीर झाला. आणि नामशेष समजला गेलेला, पण १९३८ मध्ये जिवंत सापडलेला तो सीलाकँथ? त्याचं वर्णन करणारे स्मिथही याच गावात राहणारे.

हिमकण:
सापडला बर्फाळ बेटावर हे खरं ना? मग एवढं अंगावर कशाला येता? लोकांना चार ओळी वाचायला मिळाल्या तर तुमचं काय गेलं?

शंकासुर:
दगडफोड्यांनी सोयीस्कर गाळलेलं सांगतो. वॉटरलू फार्मचा चौपाद (चार पायांचा प्राणी) ‘टुटुसियस’ २०१८ मध्ये जाहीर झाला तो खांद्याच्या एका हाडावर. एका हाडावर! आणि टिक्टालिकला जमिनीकडे येणारा ‘पहिला’ म्हणणाऱ्यांनी पोलंडचे चौपादांच्या पावलांचे ठसे बघावेत. २०१० पासून माहीत आहेत आणि टिक्टालिकहून जुने आहेत. आमच्या कॉलेजचे सर फळ्यावर मासा-टिक्टालिक-बेडूक असा बाण काढायचे. मी शंका विचारली तर वर्गाबाहेर. आज तीस वर्षं झाली, तो बाण डोक्यातून जात नाही.

दगडफोड्या:
तीस वर्षांपूर्वी टिक्टालिक सापडलाच नव्हता, शंकासुर.

शंकासुर:
मग दुसरा कुठला मासा असेल. बाण तोच होता.

खाडीकर:
मला वेगळंच खटकतं. टुटुसियस हे डेस्मंड टुटूंवरून, त्याच्या जोडीचा ‘उम्झांत्सिया’ खोसा भाषेतून. ते लोक आपल्या भाषेत नावं देतात आणि आपण ‘लॅम्प्री’ नि ‘सीलाकँथ’ करत बसतो. कोळणीला विचारा, प्रत्येक माशाला मराठी नाव आहे.

बांगडाप्रेमी:
आधी सरंगा म्हणजे काय ते ठरवा, मग जीवाश्मांची बारशी करा. माझ्या सासरी सरंगा म्हणजे पांढरं पापलेट. माहेरी सरंगा मागितला की हलवा मिळतो. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हलवा घेऊन आले, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

खाडीकर:
सरंगा म्हणजे हलवाच. सासरचे चुकले.

मुंबईकर_अस्सल:
काहीही! सरंगा म्हणजे पापलेट. मी चाळीस वर्षं मासे खातोय.

खाडीकर:
खाताय. ओळखत नाही.

दगडफोड्या:
अहो, म्हणूनच तर लॅटिन नावं लागतात! कृपया मूळ विषयावर या.

वर्धाखोऱ्यातली:
ध्रुव-ध्रुव करताय तर घरचं बघा. चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी हिमनदीने ओरखडलेला खडक आहे, आपण गोंडवन या दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडात असतानाचा, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा. आज तिथे मे महिन्यात उभं राहून दाखवा. माझे बाबा कोळशाच्या खाणीत होते. त्यांनी आणलेला ग्लोसोप्टेरिस या त्या काळच्या झाडाच्या पानाचा दगड आई लोणच्याच्या बरणीवर ठेवायची. घर बदलताना कुणीतरी भंगारात टाकला. मासा नव्हता, पण तेवढी थंडी आमच्याही दगडात होती.

हिमकण:
दगडफोड्या, एक विचारतो. तुमच्या त्या ध्रुवीय खाडीत चौपाद होते म्हणजे थंडीतही प्राण्यांना पाय होतेच. मग माझं अर्धं बरोबर निघालं की!

दगडफोड्या:
मासा चुकला, गोलार्ध चुकला, गोडं-खारं चुकलं. शिवाय तिथे आर्किऑप्टेरिसची झाडं वाढत होती. आजच्या अंटार्क्टिकाची थंडी नव्हे ती, काळोख मात्र महिनोन्महिने. चौपाद फक्त उष्ण प्रदेशातच होते हा समज या हाडांनी हलवला, एवढं कबूल. त्याचे तुम्हाला पाव मार्क देतो. शंकासुर, टुटुसियसचं एकच हाड हेही मान्य, पण उम्झांत्सियाची एकाहून जास्त आहेत.

हिमकण:
पाव घेतो. उपकार झाले.

मुंबईकर_अस्सल:
सरंगा म्हणजे पापलेटच.