मदत हवी आहे: कवळीची उंची ठरवताना ईएमजीवर (स्नायूंच्या विद्युत सिग्नलच्या मोजणीवर) किती भिस्त ठेवावी?

मेणरिम, राजारामपुरी, कोल्हापूर:
पूर्ण कवळीचा पेशंट, वय ७०. जुनी कवळी झिजून हनुवटी वर सरकलीय, ओठांचे कोपरे चिरलेत. नाकाचा शेंडा ते हनुवटी, आरामस्थितीत (जबडा सैल, दात सुटे) ६८ मिमी. त्यातून दातांमधल्या फटीचे ३ वजा करून रिम (दातांच्या जागी बसवायच्या मेणाच्या पट्ट्या) ६५ वर बसवल्या. पण मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस या जबडा मिटणाऱ्या स्नायूंचा सिग्नल सगळ्यात कमी येतो तो ७४ ला. मग ७४ वजा ३, म्हणजे ७१ ठेवू का?

दाढदुखी:
७१ चा नाद सोडा डॉक्टर. आरामस्थितीच ६८ असेल तर ७१ ला दात दिवसभर टेकलेले राहणार. बोलताना कवळी खटखटेल, हिरड्या दुखतील, गालाचे स्नायू भरून येतील.

सिग्नलचा तळ आणि आरामस्थिती एक नव्हेत. ताठ बसल्यावर जबडा पेलायला थोडा ताण लागतोच. रघ आणि ड्रॅगो यांच्या १९८१ च्या अभ्यासात हा तळ सरासरी ८.६ मिमी उघड्या तोंडाला मिळाला, आणि माणसागणिक ४.५ पासून १२.६ पर्यंत. तुमचे ७४ म्हणजे ६५ पासून ९ मिमी, त्यातच बसतात, मशीन बिघडलेलं नाही.

आरामस्थिती मोजताना खालची रिम तोंडात होती का? नसेल तर ६८ चाच भरवसा नाही. डोकं हेडरेस्टला न टेकवता परत मोजा.

ईएमजी पडताळणीला वापरा. ६५ च्या रिम घालून पेशंटला गिळायला लावा, 'म' म्हणायला लावा. त्यानंतर सिग्नल खाली बसत नसेल तर उंची जास्त असल्याची शंका घ्या. दाढी भादरून कातडी स्पिरिटने पुसा. दात आवळायला सांगून स्नायूचा फुगवटा चाचपा, इलेक्ट्रोड स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने, केंद्रांत २० मिमी अंतर. खुर्ची आणि लाईटचा प्लग काढा, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण स्नायूच्या नावावर खपते.

मेणरिम:
आणि शेवटचा निर्णय कशावर?

दाढदुखी:
बोलण्यावर. एकसष्ट ते अडुसष्ट भरभर मोजायला लावा, 'स'ला रिममध्ये १-२ मिमी फट हवी. आपटल्या तर १ मिमी मेण उतरवून परत. फक्त वरच्या बेसप्लेटचा (रिम ज्यावर बसते त्या तळाचा) टाळूकडचा भाग जाड ठेवू नका, 'स' त्यानेही बिघडतो.

प्लास्टरपिन:
लॅबकडून एक. फेसबो (वरच्या जबड्याची सांध्यापासूनची जागा टिपणारं साधन) नसताना उंची २ मिमीच्या वर बदलली तर आम्हाला 'पिन वाढवा' (साचे बसवायच्या यंत्रावरची उंचीची पिन) सांगू नका. नवीन बाईट (जबडे मिटल्याची नोंद) पाठवा, नाहीतर दात सगळीकडे एकदम टेकत नाहीत.