दमट हवेच्या घरात लॅमिनेट शीट: जाडी, आतली बाजू आणि काठ यांबद्दल मार्गदर्शन हवे आहे

समुद्रकाठ:

नमस्कार. रत्नागिरीत समुद्रापासून थोड्याच अंतरावर असलेल्या आमच्या सदनिकेत ओट्याखालची कपाटे, झोपण्याच्या खोलीतील छतापर्यंत जाणारे कपाट आणि बैठकीच्या खोलीतील एका भिंतीवरचे आच्छादन, एवढे काम करून घ्यायचे आहे. सुतारकामाच्या ठेकेदारांनी दिलेल्या दरपत्रकात प्लायच्या दर्शनी बाजूला १ मिमी जाडीचे लॅमिनेट आणि दारांच्या आतल्या बाजूला पांढरा ऑइलपेंट असे लिहिले आहे. आतून लॅमिनेट लावल्यास खर्च वाढतो आणि ते कोणाच्या नजरेसही पडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ०.८ मिमीचे शीट वापरल्यास काही रक्कम वाचेल, असेही ते सुचवतात.

माझी अडचण अशी आहे की, आमच्याच परिसरातील दोन घरांत एकाच पावसाळ्यानंतर उंच कपाटांची दारे वाकलेली आणि सिंकखालच्या कपाटाचे काठ फुगलेले मी पाहिले आहेत. दोन्हीकडे शीट चांगल्या प्रतीचे होते, असे घरमालक सांगतात. मग दोष कशात होता? जाडीचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, आणि स्वयंपाकघरात चकचकीत पृष्ठभाग घ्यावा की मॅट, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

रंधा:

आपण पाहिलेल्या दोन्ही बिघाडांचे कारण शीटच्या प्रतीत नसून त्याच्या रचनेत आणि ते बसवण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून आधी रचनेबद्दल लिहितो. लॅमिनेट हे मुळात कागदाचे बनलेले असते. तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून वाळवतात, त्यांवर मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला नक्षीचा कागद आणि बहुतेक नक्षींच्या बाबतीत त्याहीवर एक पारदर्शक संरक्षक थर ठेवतात, आणि हा संच १२० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात, दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो किंवा त्याहून अधिक दाबाखाली एकजीव करतात. रेझिन एकदा पक्के झाले की पुन्हा वितळत नाही. शीटचा कठीणपणा, डाग न धरण्याचा गुण आणि उष्णता सोसण्याची क्षमता यातूनच येते. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत अशी शीट प्रथम तयार झाली ती विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी निरोधक म्हणून वापरण्यासाठी. सजावटीचा उपयोग नंतरचा.

मात्र आतला कागद कागदच राहतो. हवेतला दमटपणा वाढला की शीट किंचित पसरते आणि हवा कोरडी झाली की आकसते. ही हालचाल शीटच्या लांबीच्या दिशेने कमी आणि रुंदीच्या दिशेने जवळजवळ दुप्पट असते. आता आपल्या ठेकेदारांनी सुचवलेल्या दाराचा विचार करा. एका बाजूला पसरणारे-आकसणारे शीट आणि दुसऱ्या बाजूला केवळ रंगाचा पातळ थर, अशी रचना असेल तर दोन्ही बाजूंचा ताण कधीच सारखा होणार नाही आणि दार एका बाजूला ओढले जाईल. लहान दारात हा बाक बिजागरीच्या स्क्रूने सांभाळून घेता येतो, सात फुटी दारात मुळीच येत नाही. आतल्या बाजूचे लॅमिनेट दिसण्यासाठी नसते, तर दार सरळ राहावे यासाठी असते, हे ठेकेदारांना स्पष्टपणे सांगावे. त्यासाठी महागडी नक्षी लागत नाही. लायनर म्हणून मिळणारे साधे पांढरे किंवा फिकट शीट पुरेसे आहे; मात्र त्याची जाडी दर्शनी शीटच्या शक्य तितकी जवळची असावी.

इथे आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शीट वाचवण्यासाठी कारागीर आतला लायनर कधीकधी आडवा कापून लावतात. मग दर्शनी शीटची लांबीची दिशा आणि लायनरची लांबीची दिशा एकमेकींना काटकोनात येतात, आणि दोन्ही बाजूंना लॅमिनेट असूनही दार पिळवटते. शीटच्या मागच्या बाजूला घासल्याच्या बारीक रेषा असतात. त्या लांबीच्या दिशेने जातात. दोन्ही शीटांवरील रेषा समांतर आहेत ना, हे चिकटवण्यापूर्वी आपण स्वतः उभे राहून पाहावे.

जाडीबद्दल एक गैरसमज आहे. १ मिमीच्या शीटमध्ये ०.८ मिमीच्या तुलनेत जे अधिक असते ते क्राफ्ट कागदाचे थर होत. ओरखडे आणि झीज सोसणारा वरचा थर दोन्हींत सारखाच असू शकतो. जाड शीट आघात अधिक सोसते, प्लायमधील लहान उंचसखलपणा झाकते आणि काठावर सहजासहजी तुकडा उडत नाही. म्हणून ओट्याखालच्या, सतत हाताळल्या जाणाऱ्या दारांना १ मिमी घ्यावे. माळ्याच्या दारांना किंवा कपाटाच्या आतल्या कप्प्यांना ०.८ मिमीने काही बिघडत नाही. कोणतेही घेतले तरी त्यावर आयएस २०४६ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

फुगलेल्या काठांचा दोष पूर्णपणे उघड्या प्लायचा आहे. पाणी शीटमधून आत जात नाही. ते कापलेल्या काठातून, सिंकच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून आणि बिजागरीच्या खाचेतून जाते. म्हणून ओट्याखाली आयएस ७१० चे मरीन प्लाय घ्यावे, चारही काठांना, म्हणजे दाराच्या खालच्या न दिसणाऱ्या काठालाही, यंत्राने पीव्हीसी एजबँड (काठ झाकणारी प्लास्टिकची पट्टी) लावून घ्यावे आणि भोकांच्या कडा सिलिकॉनने बंद कराव्यात. चिकटवण्यासाठी पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचाच गोंद वापरण्याचा आग्रह धरावा. शीट आणि प्लाय काम सुरू होण्यापूर्वी किमान दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवे, जमिनीपासून उचलून ठेवावे, म्हणजे दोन्ही तिथल्या हवेला सरावतात. भर पावसात ट्रकमधून उतरवलेले शीट त्याच दुपारी चिकटवणे हे माझ्या मते या कामातील सर्वांत महाग पडणारे घाईचे पाऊल आहे.

दालन:

रंधा यांनी रचनेबद्दल लिहिलेल्या सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. अंतर्गत सजावटीच्या कामात पृष्ठभागाच्या निवडीबाबत जे दिसून येते तेवढेच जोडते.

चकचकीत पृष्ठभाग लहान खोलीत उजेड परावर्तित करतो, पण प्लायमधील प्रत्येक लाट आणि पुसताना पडलेला प्रत्येक ओरखडा त्यावर तिरप्या उजेडात दिसतो. गडद रंगाचा मॅट पृष्ठभाग सुंदर दिसतो. त्यावर मात्र तेलकट बोटांचे ठसे उमटतात आणि ते घासत राहिल्यास त्या जागी पृष्ठभाग तुकतुकीत होऊन डाग पडल्यासारखा दिसू लागतो. लाकडाच्या रेषांची खोल नक्षी असलेले शीट बैठकीच्या खोलीतील भिंतीला शोभते, पण फोडणीचे तेल आणि पीठ त्या रेषांत साचत असल्यामुळे शेगडीजवळ मी ते कधीच सुचवत नाही. स्वयंपाकघरासाठी फिकट किंवा मध्यम रंगाचे, सौम्य मॅट किंवा स्वीड (किंचित दाणेदार स्पर्शाच्या) पृष्ठभागाचे शीट मला सर्वांत समाधानकारक वाटते. सफाईसाठी ओले फडके आणि सौम्य साबण पुरतो. काथ्या, घासण्याची पूड, ॲसिड आणि ब्लीच यांनी वरचा मेलामाइनचा थर कायमचा निस्तेज होतो.

उष्णतेबाबत अपेक्षा मर्यादित ठेवावी. चहाचा गरम पेला लॅमिनेट सहज सोसते. गॅसवरून उतरवलेला तवा किंवा कढई थेट ठेवली तर पृष्ठभागाला फोड येऊ शकतो किंवा खालचा गोंद सुटू शकतो. आपल्याकडे ओट्यावर ग्रॅनाइट आणि त्याखालच्या दारांना लॅमिनेट अशी जी विभागणी रूढ झाली आहे ती योग्यच आहे. देवघराच्या चौकटीत समईची ज्योत शीटच्या फार जवळ येणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

बाल्कनीत, जिथे पावसाची झड आणि ऊन थेट येते, तिथे घरातले साधे लॅमिनेट वापरू नये. त्याचा रंग उडतो आणि काठ उकलतात. न्हाणीघरातील आडोशासाठी ६ किंवा १२ मिमी जाडीचे कॉम्पॅक्ट लॅमिनेट मिळते. त्यात प्लाय नसतेच, संपूर्ण जाडी रेझिनने बांधलेल्या कागदाची असते, म्हणून ते उघड्या काठांसह पाण्यात टिकते.

खरेदी करताना सर्व शीट एकाच उत्पादन-तुकडीतील घ्यावीत आणि एक जास्तीचे बाजूला ठेवावे. नंतर त्याच क्रमांकाचे शीट मागवले तरी छटेत फरक पडू शकतो, आणि कंपन्या नक्षी बदलत राहतात.

समुद्रकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. दरपत्रकात दारांच्या आतल्या बाजूला लायनर आणि सर्व काठांना एजबँड असा बदल करून मागितला आहे. आणखी दोन शंका आहेत. बैठकीची ती भिंत पश्चिमेकडची बाहेरची भिंत असून पावसाळ्यात तिला ओल येते. तिच्यावर शीट थेट चिकटवता येईल का? शिवाय घरात लहान बाळ आहे, तर नव्या फर्निचरच्या वासाबद्दल काळजी करावी का?

रंधा:

ओल येणाऱ्या भिंतीवर कोणतेही शीट थेट चिकटवू नये. आधी बाहेरच्या बाजूने भेगा बुजवून जलरोधक काम करून घ्यावे आणि भिंत एक पावसाळा कोरडी राहिल्याची खात्री झाल्यावरच आच्छादनाचा विचार करावा. त्यानंतरही भिंतीवर पट्ट्यांची चौकट ठोकून, तिच्यावर दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलेले फलक बसवावेत आणि वर-खाली हवा खेळण्यासाठी फट सोडावी. छतापर्यंतचे कपाटही बाहेरच्या भिंतीला लागून येणार असेल, तर त्याच्या पाठीमागे बोटभर जागा सोडण्यास सांगावे.

वासाबाबतची आपली काळजी रास्त आहे, पण तिचा रोख शीटपेक्षा आतल्या बोर्डावर असावा. लॅमिनेटमधील रेझिन कारखान्यातच पक्के झालेले असते. फॉर्माल्डिहाइड हा उग्र वासाचा, त्रासदायक वायू मुख्यतः युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदाने बांधलेल्या पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या कणांचा बोर्ड), एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) किंवा हलक्या प्लायमधून हळूहळू बाहेर पडत राहतो. म्हणून ई-१ किंवा ई-० श्रेणीचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा बोर्ड मागावा. दोन्ही बाजूंना लॅमिनेट आणि चारही काठांना एजबँड असेल तर हे उत्सर्जनही बरेच कमी होते. काम पूर्ण झाल्यावर काही आठवडे दारे-कप्पे उघडे ठेवून खोलीत हवा खेळू द्यावी आणि बाळाची झोपण्याची जागा तोपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवावी.