बायकोच्या व्हिसाच्या फॉर्मवर अडलोय, तातडीने मदत हवी आहे

घाईतला_गडी
नमस्कार मंडळी. सहा आठवड्यांनी कोल्हापुरात घरचं लग्न आहे, बायकोला घेऊन यायचंय. तिच्यासाठी ३० दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा भरायला बसलो तर आमची तारीखच घेत नाही. मधेच साइट बाहेर फेकते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. की भारतीयाची बायको म्हणून वेगळाच व्हिसा लागतो? पटकन सांगा, तिकिटं आज काढायची आहेत.

खडूस_कारकून
पटकन विचारलंत, पण निम्मं पोटातच ठेवलंत. बायकोचा पासपोर्ट कुठल्या देशाचा? तुमचा भारतीय की तुम्हीही नागरिकत्व बदलून ओसीआयवर (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड)? लग्नाची नोंदणी कुठे, किती दिवस झाले? राहणार किती?

घाईतला_गडी
ती ब्रिटिश, मी भारतीय पासपोर्टवर, दोघंही इंग्लंडमध्ये. नोंदणी तिथलीच, १४ महिने झाले. तीन आठवडे राहू. साधी सुट्टी आहे हो.

सही_शिक्का
तारीख न घेण्याचं कारण सोपं आहे. ३० दिवसांचा ई-टुरिस्ट पोहोचण्याच्या आधीच्या ३० दिवसांतच भरता येतो. तुम्ही ४२ दिवस आधी भरताय. एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा निवडा, तो १२० दिवस आधीपर्यंत चालतो. या दोघांची मुदत मंजुरीच्या दिवसापासून मोजतात, ३० दिवसांच्या व्हिसाची भारतात उतरल्या दिवसापासून. ३० दिवसांच्या मंजुरीवर छापलेली 'एक्स्पायरी' ही आत शिरण्याची शेवटची तारीख असते, परतायची नव्हे. यात भले भले चुकतात.

साइट बाहेर फेकते कारण सेशन संपतं. पहिलं पान भरलं की वर टेम्पररी अ‍ॅप्लिकेशन आयडी येतो, तो कागदावर लिहून घ्या आणि दर पानाला 'सेव्ह' करा. फोटो चौरस, जेपीईजी, १० केबी ते १ एमबी, मागे पांढरं. पासपोर्टचं पान पीडीएफमध्ये, ३०० केबीच्या आत. इथे घोळ होतो: मोबाइलवरची दोन एमबीची पीडीएफ लोक इतकी दाबतात की पानाच्या तळाच्या बाणांच्या खुणांच्या दोन ओळी पुसट होतात आणि अर्ज तिथेच लटकतो. आधी कडा कापा, मग कृष्णधवल करा, तेवढ्यानेच फाइल हलकी होते.

गल्लीतला_वकील
ई-व्हिसाच्या नादी लागू नका. भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला एंट्री व्हिसा मिळतो, हक्काने तोच मागा. विवाह दाखला आणि तुमच्या पासपोर्टची प्रत जोडायची. गरज पडली तर इथे एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय) वाढवूनही मिळतो. ई-टुरिस्ट वाढत नाही.

सही_शिक्का
वकीलसाहेब, तीन आठवड्यांच्या लग्नाला मुदतवाढ कशाला? नातेवाइकांना भेटणं टुरिस्ट व्हिसात बसतंच. एंट्री व्हिसा सहा-आठ महिने राहणाऱ्यांसाठी घ्यावा.

गल्लीतला_वकील
पाहुण्यासारखं यायचं की सुनेसारखं, हा प्रश्न आहे.

खडूस_कारकून
इमिग्रेशनच्या काउंटरवर सून वगैरे रकाना नसतो.

जुना_जाणता
एवढी डोकेफोड कशाला? पीआयओ कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी लोकांचं) काढून टाका, १५ वर्षं बघायला नको.

खडूस_कारकून
काका, पीआयओ कार्ड जानेवारी २०१५ मध्येच बंद होऊन ओसीआयमध्ये विलीन झालं. आणि लग्नाच्या आधारावर ओसीआय हवं तर नोंदणीकृत लग्न अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. यांचे १४ महिनेच झालेत. शिवाय घटस्फोट झाला तर ते कार्डही जातं.

घाईतला_गडी
सही_शिक्का, धन्यवाद! एक वर्षाचा निवडल्यावर तारीख लगेच घेतली. आता पुढच्या पानावर आई-वडील, आजी-आजोबा पाकिस्तानी होते का असं विचारतात. तिथे 'नाही' टाकलं की झालं ना? तिच्या वडिलांचे वडील लाहोरचे, पण ते फाळणीच्या आधीचं.

खडूस_कारकून
थांबा! पैसे भरू नका. हे पहिल्याच प्रतिसादात सांगायचं होतं. म्हणजे बायको मूळची पंजाबी?

घाईतला_गडी
हो. जन्म लंडनचा. मला वाटलं ब्रिटिश पासपोर्ट म्हणजे झालं.

खडूस_कारकून
पासपोर्ट ब्रिटिश असला तरी पाकिस्तानी मूळ असणाऱ्यांना ई-व्हिसा मिळत नाही. त्यांनी वकिलातीत नेहमीचा, म्हणजे कागदी व्हिसा मागायचा असतो. ई-व्हिसाची फी मंजूर होवो वा न होवो, परत मिळत नाही.

गल्लीतला_वकील
चुकीचं. १४ ऑगस्ट १९४७ च्या आधी पाकिस्तानच नव्हता. आजोबा अखंड भारतात जन्मले, तर 'नाही' हेच खरं उत्तर. बिनधास्त टाका.

सही_शिक्का
जन्माबद्दल तुमचं बरोबर आहे, पण प्रश्न नागरिकत्वाचा आहे. ४७ नंतर आजोबा कुठे होते? तिथेच राहून पाकिस्तानी पासपोर्टवर इंग्लंडला गेले असतील तर उत्तर सरळ 'हो'. फाळणीत इकडे आले असतील तर गोष्ट वेगळी.

घाईतला_गडी
४७ मध्ये जालंधरला आले. ६२ साली तिथूनच इंग्लंडला गेले. पाकिस्तानचा पासपोर्ट कधीच नव्हता.

सही_शिक्का
गेले कुठल्या पासपोर्टवर?

घाईतला_गडी
भारतीयच असणार. सासऱ्यांना विचारतो.

खडूस_कारकून
'असणार' चालणार नाही, कागद हवा. फॉर्ममध्ये नुसतं हो-नाही असतं, 'लाहोर, पण फाळणीआधी' हे नीट समजावायला आणि पुरावा जोडायला ई-व्हिसात सोय नाही. माझ्या मते नेहमीचाच व्हिसा मागा. सोबत आजोबांच्या जुन्या भारतीय पासपोर्टची प्रत आणि अर्ध्या पानाचं निवेदन: जन्म अमुक साली लाहोर, फाळणीनंतर जालंधर, पाकिस्तानी नागरिकत्व कधीही नाही. वडिलांचं जन्मठिकाण त्यांच्या पासपोर्टवर आहे तसंच उतरवा. त्याआधी लंडनच्या उच्चायुक्तालयाला ई-मेल करून लेखी उत्तर मिळवा. असे अर्ज पडताळणीत जातात, आठवडे लागतात. म्हणून तिकिटं बदलता येतील अशीच घ्या.

आणि हो, कागदी अर्जाला फोटो दोन इंच बाय दोन इंच लागतो. ब्रिटिश पासपोर्टचे ३५ बाय ४५ मिलिमीटरवाले उरलेले फोटो लोक चिकटवतात आणि खिडकीवरून परत येतात.

गल्लीतला_वकील
मी अजूनही म्हणतो, कायद्याने 'नाही' बरोबर आहे.

सही_शिक्का
कायद्याने असेलही. पण शंका विमानतळावर निघाली तर तिथे कायद्यावर चर्चा कोण करणार? परतीच्या विमानात बसवतात.

पुढची_पायरी
सगळ्यांचं एक सुटलं. आजोबा २६ जानेवारी १९५० नंतर भारतीय नागरिक होते हे सिद्ध झालं, तर ही मुलगी नात म्हणून स्वतःच्या मुळावरच ओसीआयला पात्र आहे. त्याला लग्नाची दोन वर्षांची अट नाही, नवऱ्याचा संबंधही नाही. ई-व्हिसात जे आजोबा आडवे येतायत, तेच इथे दार उघडतील. अट एवढीच की आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही पाकिस्तानचं किंवा बांगलादेशचं नागरिक नसावं. म्हणजे आजीकडची आणि सासूबाईंकडचीही चौकशी करा. साखळी जोडायला आजोबांचा पासपोर्ट, सासऱ्यांचा जन्मदाखला आणि बायकोचा जन्मदाखला, तिन्हींवर नावं जुळायला हवीत. 'सिंग' एका कागदावर आणि दुसऱ्यावर गायब, हे पंजाबी कागदपत्रांत हमखास. सहा आठवड्यांत याची आशा नको. आत्ता व्हिसा, मग सवडीने हे.

विमानवेडा
अवांतर: दुबईमार्गे आलात तर बॅगांचं वजन जास्त मिळतं का? शिवाय ई-अरायव्हल कार्ड विसरू नका. ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत. फुकट असतं.

सही_शिक्का
'फुकट' हे महत्त्वाचं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघा, व्हिसासाठीही.

जुना_जाणता
माझ्या मेहुण्याला कॅनडाचा व्हिसा काढायचाय, इथेच विचारू का?

खडूस_कारकून
नवा धागा काढा, काका.

घाईतला_गडी
सासऱ्यांचा फोन झाला. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा पासपोर्ट आहे, पण पहिलं पान ओलीने चिकटलंय. नाव वाचता येतं, जन्मठिकाण नाही. चालेल का?

पुढची_पायरी
चिकटलेली पानं ओढू नका! आहे तसा रंगीत स्कॅन करा, कव्हरसकट. पासपोर्ट क्रमांक आणि कुठून दिला तो शिक्का दिसतो का ते आधी सांगा.

घाईतला_गडी
क्रमांक दिसतो. शिक्का अर्धा आहे, 'जालं' एवढंच वाचता येतंय म्हणाले.